ऊसतोडीला जाणारा वर्ग आणि दोन टॅब

दसरा जवळ आला की मी हजेरीपटावर शिसपेन्सिलीने टिंबं द्यायला लागते. ज्या लेकराच्या घरी मुकादमाची उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, येऊन पडली, त्याच्या नावापुढे एक टिंब. कारखान्याचा बॉयलर पेटला की ही लेकरं आईवडिलांबरोबर ऊसतोडीला जाणार आणि गुढीपाडव्याच्या पुढेमागे परत येणार. २०२२ साली माझ्या तिसरी-चौथीच्या तेवीस लेकरांपैकी चौदांच्या नावापुढे टिंब पडलं. त्यातली पाच आजी-आजोबांजवळ राहून हंगामी वसतिगृहात जेवणार होती. उरलेली नऊ थेट फडावर, म्हणजे ऊसतोडीच्या जागी. कुणी सांगलीकडे, कुणी कोल्हापूरकडे, आणि दोन घरं कर्नाटकात, बेळगावच्या बाजूला.

आमची शाळा धारूर तालुक्यात, बालाघाटाच्या डोंगरातल्या एका तांड्यावर. द्विशिक्षकी. लेकरं घरी गोरमाटी, म्हणजे बंजाऱ्यांची भाषा, बोलतात, शाळेत येऊन मराठी शिकतात, आणि पहिलीपासून इंग्रजी आहेच. २००० सालापासून राज्यभर ते तसंच आहे. म्हणजे सहा वर्षांच्या लेकरापुढे एकदम दोन नव्या भाषा.

त्या पावसाळ्यात शाळा व्यवस्थापन समितीने तांड्यावर वर्गणी केली. नोकरीनिमित्त बाहेर असलेल्या दोघातिघांनी हात सैल सोडला आणि दोन टॅब आले. मुख्याध्यापक सर म्हणाले, "मॅडम, इंग्रजी तुमच्याकडे आहे. यात काय टाकायचं ते तुम्हीच ठरवा." मी शंभर पानी वही घेतली, पानावर उभ्या रेघा मारल्या आणि एकेक ॲप बघायला लागले. पुढचे सहा महिने ती वही माझ्या पिशवीत होती.

सुरुवातीला मी एक गफलत केली होती. जे जे नाव कानावर आलं ते एकाच यादीत लिहीत गेले. आठवड्याने लक्षात आलं की यात दोन वेगळ्या जाती आहेत. काही ॲप वर्ग चालवायला बनवलेली असतात: हजेरी, गृहपाठ, तपासणी, पालकांना निरोप. ती भाषा शिकवत नाहीत, शिकवणाऱ्याचा पसारा आवरून देतात. दुसरी भाषा शिकवायला बनवलेली: शब्द, उच्चार, सराव. ती गृहीत धरतात की शिकणारा एकटा आहे आणि फोन त्याच्याच हातात आहे. पहिल्या जातीला लेकरू वर्गात हवं, दुसरीला लेकराच्या हातात फोन हवा. माझ्या टिंबवाल्या लेकरांजवळ दोन्ही नव्हतं.

म्हणून ॲप बाजूला ठेवून आधी घरं फिरले. संध्याकाळी चुली पेटायच्या वेळी गेलं की सगळे भेटतात. तेवीस घरांत सतरा स्मार्टफोन, ज्या घरात आहे तिथं एकच, आणि तो वडिलांच्या खिशात. मी तीन गोष्टी विचारायचे: रात्री किती वाजता घरी येता, रिचार्ज किती दिवस पुरतो, फोनमध्ये जागा किती शिल्लक आहे. तिसऱ्या प्रश्नाला बहुतेक जण फोनच माझ्या हातात द्यायचे. लग्नाचे व्हिडिओ आणि इकडून तिकडून आलेले फोटो यांनी फोन गच्च भरलेले. ॲप निवडताना किंमत, मराठी, वापरायला सोपं या माझ्या रेघा होत्याच. त्या दिवशी त्यांच्याआधी तीन नव्या रेघा मारल्या: नेटशिवाय चालतं का, किती जागा खातं, आणि एका फोनवर तीन भावंडं वेगवेगळी शिकू शकतात का.

माझी एक मावसबहीण पुण्यात शिकवते. तिच्या सांगण्यावरून पहिल्यांदा गूगल क्लासरूम पाहिलं. ते २०१४ साली आलं, तेव्हा ते शाळा-कॉलेजांच्या खात्यांसाठीच होतं. २०१७ पासून साध्या जीमेलवरूनही वर्ग उघडता येतो. आपण वर्ग बनवायचा, एक कोड मिळतो, लेकरांनी तो टाकून आत यायचं, दिलेलं काम तिथंच जमा करायचं, आपण तिथंच तपासायचं. दोन संध्याकाळी बसून मी ते शिकले आणि मला मनापासून आवडलं. कुणी काय दिलं, कुणाचं राहिलं, सगळं जागच्या जागी. पण प्रत्येक लेकराला खातं हवं, आणि तेरा वर्षांच्या आतल्या लेकराचं खातं पालकाच्या देखरेखीखाली काढावं लागतं. एका वडिलांचा फोन घेऊन बसले, तर ते म्हणाले, "म्याडम, ते जीमेल दुकानदारानं काढून दिलतं. पासवर्ड त्यालाच ठाव." पाच घरांत हेच ऐकलं. ज्यांच्या वर्गात प्रत्येकाला खातं आणि घरी वायफाय आहे, त्यांनी डोळे झाकून हेच घ्यावं असं माझं आजही मत आहे. आमच्यासाठी ते नव्हतं.

मूडल हेही वर्ग चालवायचंच, ते मी एका दिवसात बाजूला ठेवलं. २००२ पासून चालत आलेलं, फुकट, कुणीही आपल्याला हवं तसं बदलून घ्यावं असं. पण ते चालवायला सर्व्हर आणि तो सांभाळणारा माणूस लागतो. कॉलेजचं काम आहे ते.

क्लासडोजोत प्रत्येक लेकराचं चित्र असतं आणि चांगल्या वागण्याला गुण देता येतात, पालकांना फोटो-निरोप पाठवता येतात. लेकरं त्यावर खूश होती. तिसऱ्या दिवशी टिंब पडलेल्या एका चौथीतल्या मुलीने विचारलं, "म्याडम, आम्ही गेल्यावर आमचे गुण तितकेच राहणार का? अन् ह्यांचे वाढत जाणार?" मी गुण देणं त्याच दिवशी थांबवलं. वर्षभर जागेवर असलेल्या वर्गात या पद्धतीचा उपयोग असेलही. अर्धा वर्ग ऊस तोडायला जातो तिथं असा फलक भिंतीवर लावणं मला बरोबर वाटत नाही.

पहिल्या जातीतलं एकच मी ठेवलं, प्लिकर्स. त्यात लेकरांना फोन लागतच नाही. प्रत्येकाला एक कागदी कार्ड, त्यावर काळ्यापांढऱ्या चौकोनांची एक आकृती, दरेकाची वेगळी. कार्डाच्या चार बाजूंना बारीक अक्षरात ए, बी, सी, डी. जे उत्तर वाटतं ती बाजू वर करून कार्ड धरायचं. बाईंनी आपला फोन वर्गावरून फिरवायचा, कॅमेरा कार्डं ओळखतो आणि स्क्रीनवर नावापुढे उत्तर उमटतं. आकृत्या वेगवेगळ्या असल्यामुळे शेजाऱ्याचं बघून उपयोग नाही. चाळीस कार्डांचा संच फुकट छापता येतो. केजला झेरॉक्सच्या दुकानात प्रिंट काढल्या आणि जुन्या लग्नपत्रिकांच्या पुठ्ठ्यावर चिकटवल्या.

या कार्डांनी मला जे दाखवलं ते मी विसरणार नाही. फळ्यावर चार चित्रं काढायची, मी शब्द म्हणायचा, लेकरांनी चित्र ओळखायचं, असा खेळ होता. एका बाजूला बनियन, एका बाजूला सूर्य मावळतानाची दिशा. मी म्हणाले 'वेस्ट'. तेवीसपैकी अठरा कार्डं बनियनवर. परत म्हणाले, यावेळी दिशेचं 'वेस्ट'. परत अठरा बनियनवर. आधी वाटलं लेकरांना शब्द येत नाहीत. मग फोनवर स्वतःचा आवाज रेकॉर्ड करून ऐकला. मी दोन्ही शब्द अगदी एकसारखे म्हणत होते. आपल्या मराठीत 'व' एकच. इंग्रजीत एकाला खालचा ओठ दाताला लागतो, दुसऱ्याला दोन्ही ओठ गोल होतात. बारा वर्षं इंग्रजी शिकवून हा फरक माझ्या तोंडात नव्हता, तर लेकरांच्या कानात कुठून येणार? त्या रात्री वहीत लिहिलं: 'माझ्याशिवाय दुसरा आवाज लागेल.' भाषेच्या ॲपकडे मी खऱ्या गरजेने वळले ती तिथून.

त्यात सर्वांच्या तोंडी असलेलं नाव ड्युओलिंगो. ते २०१२ साली सर्वांसाठी खुलं झालं, आणि २०१५ पासून शिक्षकांसाठीही त्यात वेगळी सोय आहे, कुणाचा किती सराव झाला ते बाईंना दिसतं. मी पाहिलं तेव्हा त्यात मराठीतून इंग्रजी शिकायची सोय नव्हती, हिंदीतून होती. मला वाटलं, आधीच गोरमाटी आणि मराठी, त्यात आता हिंदीचं ओझं कशाला? पण माझा अंदाज चुकला. गोरमाटी ही राजस्थानीच्या जवळची. छोरा, छोरी, पाणी, दूध म्हणणाऱ्या लेकरांना हिंदी ऐकून पटकन कळत होती. माझ्या मराठी घरच्या भाच्यांपेक्षाही लवकर.

अडलं भलतीकडेच. हिंदीतून इंग्रजी शिकवणारं दुसरं एक ॲप होतं, त्यात इंग्रजी शब्दाखाली उच्चार देवनागरीत लिहिलेला. मांजराचं चित्र आणि खाली 'कैट'. चौथीतल्या पोराने बोट ठेवून मोठ्यांदा वाचलं, "कइट." पुढचं 'बैंक', तो म्हणाला "बइंक". 'मैन'ला "मइन". तो काहीही चुकत नव्हता. मराठी शाळेत आपण दोन मात्रांचा उच्चार 'अइ' असाच शिकवतो: मैना, बैल, पैसा. हिंदीत त्याच दोन मात्रांचा उच्चार पसरट 'ॲ'च्या जवळ जातो, म्हणून ते 'कैट' लिहितात आणि आपण 'कॅट'. 'ॲ' आणि 'ऑ' ही अक्षरं आता आपल्या वर्णमालेतच आहेत, लेकरांना ती येतातही. म्हणजे कानाला हिंदी चालत होती, डोळ्यांना नाही. मी वहीत आणखी एक रेघ मारली: 'उच्चार लिहून दाखवतं की बोलून दाखवतं?' लिहून दाखवणारी सगळी खोडली.

आणि रोज न चुकता यायला लावणारी, एक दिवस हुकला की साखळी तुटली असं सांगणारी ड्युओलिंगोसारखी जी ॲप असतात, ती मोठ्यांसाठी ठीक. फडावरच्या कोपीत, म्हणजे झोपडीत, वीज नसते. फोन चार्ज करायचा तर कारखान्याकडच्या हॉटेलात दहा रुपये देऊन. लेकराची साखळी तुटते ती त्याच्या आळसाने तुटत नाही, आणि फोनने त्याला तसं सुचवावं हे मला मान्य नाही.

टॅबमध्ये शेवटी गूगलचं रीड अलाँग टाकलं. हे २०१९ मध्ये भारतात 'बोलो' नावाने आलं होतं. पडद्यावर गोष्ट दिसते, लेकरू मोठ्याने वाचतं, दिया नावाची मुलगी ऐकत असते; अडलं तर शब्दावर बोट ठेवायचं, ती तो म्हणून दाखवते. गोष्टी एकदा उतरवून घेतल्या की नेट लागत नाही, लेकराचा आवाज त्या यंत्रातच तपासला जातो, बाहेर पाठवला जात नाही. एकाच टॅबवर प्रत्येक लेकराचं वेगळं खातं करता येतं. मराठी गोष्टीही होत्या. माझ्या पहिल्या तिन्ही रेघांवर बरोबरची खूण पडलेलं हे एकमेव नाव.

पण त्यातले शब्द फडावरचे नव्हते. लेकरू दिवसभर बघतं ते पाचट, मोळी, कोयता, बैलगाडी, दोर, वाढं. आणि वाचतं हत्ती आणि फुगे. हत्ती-फुग्यांशी माझं भांडण नाही, पण दिवसातून पन्नास वेळा जे हाताला लागतं त्याचा शब्द आला तर तो विसरायला जागाच राहत नाही. म्हणून आंकी घेतलं. आंकी म्हणजे जपानीत पाठांतर. कार्डाच्या एका बाजूला चित्र, दुसऱ्या बाजूला शब्द आणि आवाज. जमलं तर कार्ड काही दिवसांनी परत येतं, नाही जमलं तर लगेच. एबिंगहाउस या जर्मन अभ्यासकाने १८८५ साली स्वतःवर प्रयोग करून दाखवलं होतं की शिकलेलं सुरुवातीला भराभर निसटतं. निसटायच्या बेतात असताना उजळणी केली की ते टिकतं. अँड्रॉइडवर ते फुकट आहे, नेटशिवाय चालतं, आणि सगळ्यात मोठं म्हणजे चित्र आणि आवाज आपले घालता येतात.

दिवाळीच्या सुट्टीआधी आठ दिवस आम्ही कार्डं केली. लेकरांनी घरून वस्तू आणल्या, टॅबने फोटो काढले. कोयत्याचा फोटो काढताना पोरगं म्हणालं, "म्याडम, धार दिसू द्या." इंग्रजी शब्दांचे उच्चार मी शब्दकोशाच्या आवाजाबरोबर दहा-दहा वेळा घोकले, मग लेकरांनी ते म्हटले, आणि प्रत्येक कार्डावर त्याच वर्गातल्या एका लेकराचा आवाज गेला. एकशे वीस कार्डं झाली. ती सगळी एका फाइलमध्ये बांधून मेमरी कार्डावरून पालकांच्या फोनवर टाकली, ज्यांच्या फोनमध्ये जागा होती त्यांच्या. काही दिवस फोन मिळाला नाही की उजळणीची कार्डं साठत जातात आणि लेकरू ढीग बघूनच बिचकतं. म्हणून दिवसाला पंधराच कार्डं दिसतील अशी मर्यादा मी आधीच घालून दिली. हे आंकी वापरणाऱ्या प्रत्येक शिक्षकाने पहिल्या दिवशीच करावं.

एक टॅब वसतिगृहातल्या लेकरांसाठी शाळेत राहिला. दुसरा फडावर पाठवायचा की नाही यावर समितीत दोन तास बोलणं झालं. हरवला तर, फुटला तर. शेवटी सांगलीकडच्या टोळीत दहावी झालेली एक ताई होती, तिने जबाबदारी घेतली. त्या टोळीत माझी चार लेकरं. पालकांच्या सह्या आणि अंगठे मी कागदावर घेतले. लेकरांचा आवाज आणि फोटो माझ्याकडे येणार होते, तर ते त्यांना माहीत असायला हवं. पुढे २०२३ साली माहितीच्या संरक्षणाचा जो कायदा झाला, त्यात अठरा वर्षांच्या आतल्यांसाठी पालकांची संमती सांगितलेली आहेच.

वहीत आता एकच रेघ मारायची राहिली होती, आणि तीच सगळ्यांत महत्त्वाची ठरली: 'लेकराचा आवाज माझ्यापर्यंत परत येतो का?' रीड अलाँगचे तारे टॅबमध्येच राहतात. आंकी कुणाला काही पाठवत नाही. शिक्षकांच्या फलकांवर मिनिटं आणि गुण येतात, आवाज येत नाही. आणि ज्यातून आवाज येतो ते व्हॉट्सॲप कुणाला काहीच शिकवत नाही. मग दोन्ही जोडलं. रोज रात्री आठच्या पुढे, जेवणं झाल्यावर, जमेल त्याने एक वाक्य बोलून पाठवायचं. चूक असेल तरी चालेल, ओरडून बोललं तरी चालेल.

अकरा दिवस काहीच आलं नाही. बाराव्या रात्री सव्वानऊला फोन वाजला. आधी बैलांच्या घुंगरांचा आवाज, मग मागून तिची याडी, म्हणजे आई, गोरमाटीत काहीतरी सांगत होती, आणि मग ती, जिने गुणांचं विचारलं होतं तीच: "धिस इज अ रोप. माय फादर टाय द बंडल. आय ड्रिंक वॉटर." मी तो निरोप परत परत ऐकला. 'टाय'ला एक अक्षर कमी होतं. पण 'वॉटर' म्हणताना तिचे ओठ गोल झाले होते, ते ऐकू येत होतं. मी उलट पाठवलं, "माय फादर टाइज," आणि दुसऱ्या रात्री तिने तेवढंच सुधारून पाठवलं.

नऊपैकी सहा जण हंगामभर बोलत राहिले, कुणी रोज, कुणी आठवड्याला. दोघे कधीमधी. एकाच्या घरचा फोन जानेवारीत गाडीच्या चाकाखाली गेला, त्याचा आवाज बंद झाला. टॅब सुखरूप परत आला, फक्त काचेला एक चरा. पाडव्यानंतर सगळे जमल्यावर मी परत प्लिकर्सची कार्डं वाटली आणि 'वेस्ट'चा खेळ घेतला. टॅबवाली चारही बरोबर. फोनवाल्यांत निम्मी. ज्याचा फोन गेला होता त्याला ऑक्टोबरात येत होतं त्यातलंही बरंच गेलेलं. त्याच्यासाठी जून उजाडेपर्यंत मी सकाळी अर्धा तास लवकर येत होते.

बेळगावकडून आलेल्या दोघींपैकी तिसरीतली धाकटी पाचव्या दिवशी माझ्या टेबलाजवळ येऊन उभी राहिली. तिथल्या शेतमालकाच्या नातीबरोबर खेळून ती कानडी अंक शिकून आली होती. माझ्या वहीतल्या कुठल्याच रेघेत कानडी नव्हती. ती म्हणाली, "म्याडम, ह्येची बी कार्डं करायची का?" आम्ही टॅब काढला. ओंदु, एरडु, मूरु, नाल्कु तिने भरभर म्हटलं. पुढे थांबली, बोटं मोजली, मग म्हणाली "ऐदु". कार्डावर मी ते दोन मात्रांचा 'ऐ' काढून लिहिलं. शेजारच्या पोराने बोट ठेवून वाचलं, "अइदु", आणि ती म्हणाली, "हां, असंच म्हणतेत तिकडं."